मठांतील हात आणि मन

हाताला काम असले की मन ताळ्यावर राहते, हा अनुभव आपल्या घरोघरी आहे. परंतु सर्व कामांचा मनावर होणारा परिणाम सारखा नसतो. मोजूनमापून, एक रेषही न ढळू देता करावयाचे काम एक वृत्ती निर्माण करते. सुचेल तसे, मिळेल त्या सामग्रीतून उभे केलेले काम दुसरीच. ह्या भेदाचा विचार मानसशास्त्राच्या जन्माआधी कितीतरी शतके ख्रिस्ती मठांतून झाला होता.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकान्त पत्करणाऱ्या तपस्व्यांना एका मनोवस्थेचे मोठे भय वाटे. ग्रीक भाषेत तिला ‘अकेडिया’ म्हणत. आळस, कंटाळा, विषण्णता ह्यांपैकी कोणताही एक शब्द तिला पुरा पडत नाही. इ. स. 399 मध्ये निवर्तलेल्या एव्हाग्रियसने तिचे नेमके वर्णन केले आहे. सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत तिचा जोर असतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. तपस्वी पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो. आपली कुटी, आपले बंधू आणि हातातले काम, सर्वांचाच त्याला वीट येतो. ह्याच अवस्थेत सापडलेल्या संत अंतोनींना आपल्यासारखाच एक पुरुष दिसला, अशी कथा आहे. तो बसून दोर वळी, उठून प्रार्थना करी आणि पुन्हा दोर वळावयास बसे. तो देवदूत होता. अंतोनींना त्यात आपले उत्तर मिळाले.

आणखी मार्मिक कथा इ. स. 420 च्या सुमारास कॅशियनने नोंदविली आहे. अब्बा पॉल नावाचे तपस्वी वस्तीपासून सात दिवसांच्या वाटेवर राहत. माल बाजारात न्यावा तर त्याच्या किमतीहून वाहतूकच महाग. तरीही ते रोज ताडाची पाने गोळा करीत आणि ठरलेले काम ठरल्याप्रमाणे पुरे करीत. वर्षअखेर गुहा भरून गेली की सारे जाळून टाकीत. हे काम पोटासाठी नव्हते. ते मनासाठी होते.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ह्या अनुभवाला नियमाचे रूप दिले. त्याच्या नियमावलीच्या 48 व्या प्रकरणात श्रमाच्या आणि वाचनाच्या वेळा ठरवून दिल्या आहेत. 57 व्या प्रकरणात तो कारागीर बंधूंविषयी बोलतो. आपल्या कसबामुळे मठाचे भले होते असा ताठा ज्याला चढेल, त्याला त्या कामावरून दूर करावे, असा दंडक आहे. काम मनाला सावरते तसे ते मनाला फुगवतेही, हे त्याने ओळखले होते.

काटेकोर कामाची कसोटी लागली ती लेखनशाळेत. चर्मपत्राच्या कडेला समान अंतरावर छिद्रे पाडावयाची, त्यांवरून रेघा आखावयाच्या, उजव्या हातात पिसाची लेखणी, डाव्या हातात चूक खरवडण्यासाठी सुरी. पवित्र शास्त्राचे एक अक्षरही बदलता कामा नये. अशा कामात मन भरकटत नाही, पण ते थकते. लिहितात तीन बोटे, शिणते मात्र सारे शरीर, अशा आशयाच्या नोंदी नकलकारांनी ग्रंथांच्या शेवटी लिहून ठेवल्या आहेत. शेवटच्या ओळीची तुलना ते खलाशाला दिसणाऱ्या बंदराशी करीत. इ. स. 850 च्या सुमारास आयरिश लेखकांनी नकललेल्या आणि आज सेंट गॅल येथे असलेल्या एका व्याकरणग्रंथाच्या समासांत तर शाईविषयीच्या कुरबुरीही आढळतात. सहाव्या शतकातच कॅसिओडोरसने नकलकारांचा मोठा गौरव केला होता. परंतु अक्षरविद्या ज्यांना साधत नाही त्यांनी बागशेती करावी, असेही त्याने सुचविले. एकच औषध सर्वांना नसते.

मन जिथे मोकळे होई ती जागा म्हणजे सजावट. इ. स. 800 च्या सुमाराचा ‘बुक ऑफ केल्स’ पाहावा. त्यातील ख्रिस्तनामाच्या भव्य पानावर वर्तुळे कंपासाच्या शिस्तीतली आहेत. पण खाली उंदीर एका चकतीवर तुटून पडले आहेत, मांजरे त्यांच्याकडे पाहत आहेत आणि पाणमांजराने मासा पकडला आहे. शिस्तीच्या चौकटीत कोणीतरी मनसोक्त खेळला आहे. इ. स. 1111 मध्ये सितो येथील मठात पुऱ्या झालेल्या एका ग्रंथात तर लाकूड फोडणारे, कापणी करणारे लोकच अक्षरांचे आकार बनले आहेत.

ह्या मोकळेपणाला त्याच परंपरेतून विरोधही झाला. इ. स. 1125 च्या सुमारास संत बर्नार्डने मठांच्या ओवऱ्यांतील चित्रविचित्र प्राण्यांच्या शिल्पांवर कडक टीका केली. मन ईश्वरचिंतन सोडून दगडात रमते, हा त्याचा आक्षेप. पुढे सिस्टर्शियन मठांत अक्षरे एकाच रंगाची आणि चित्रविरहित असावीत, असा नियम झाला. बर्नार्डचे म्हणणे आम्हांस निराधार वाटत नाही. स्वैर कामात आनंद आहे, पण वाहवत जाण्याचा धोकाही आहे. तथापि चित्रे पुसून थकवा पुसला जात नाही, हेही नकलकारांच्या नोंदी सांगतात.

काटेकोर श्रमाचे ऋण आपल्यावरही आहे. फादर स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले गेले. त्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. 1907 मध्ये मंगळुरात त्याची नवी आवृत्ती निघू शकली, ती अनामिक हातांनी जपलेल्या हस्तलिखित प्रतींमुळे.

आज आपल्या घरांतही ती दुपारची विषण्णता येते. हात रिकामे आणि डोळे पडद्यावर. अशा वेळी कोणाला शिवणाचा मोजका टाका सावरील, तर कोणाला नाताळचा गोठा, ज्यात पेंढा, खोके, जुने कापड, जे हाती लागेल ते चालते. अस्वस्थ मनाला बहुधा मापाचे काम मानवते, शिणलेल्या मनाला मोकळे. कोणत्या दिवशी कोणते हवे, हे ओळखणे ही मठांनी शतकानुशतके शिकलेली विद्या होय. आणि वस्तू चांगली वठली नाही म्हणून खंत वाटली, तर वर्षभराचे काम शांतपणे जाळणाऱ्या अब्बा पॉलची आठवण ठेवावी.