लघवीच्या नळीची कथा

शीव कोळीवाड्याजवळचे लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ साली सुरू झाले. लघवी तुंबली की अशा रुग्णालयांत नळी घालतात. नळीची यंत्रे सुश्रुतालाही ठाऊक होती. पूर्वी ही नळी बाहेरून फितीने बांधीत. फीत सोडली की ती निघे. १९३० नंतर अमेरिकेच्या डॉक्टर फोली यांनी फुग्याची नळी आणली. पाण्याने भरलेला फुगाच तिला मूत्राशयात धरून ठेवतो. म्हणून घरी ती ओढू नका, कापूही नका! परिचारिका हात धुऊन, पिचकारीने सारे पाणी काढते. मगच नळी अलगद निघते. नंतर थोडी जळजळ व्हायचीच. डॉक्टरांची मनाई नसेल तर पाणी भरपूर पाजावे. मात्र सहा तासांत लघवी झाली नाही, ओटीपोट तटतटले, थंडी-ताप आला, तर तडक रुग्णालय गाठा. संकोचापायी माणूस गमावू नका.