ऑपरेशन बाईचंच का?

मैत्रिणींनो, ‘दोन झाली, आता ऑपरेशन करून टाक,’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. पण हे कायम बाईच्याच वाट्याला नव्हतं. आणीबाणीत, १९७६-७७ साली, देशात ८० लाखांहून जास्त नसबंदी झाल्या. त्यात बहुतेक पुरुषच होते. सक्तीनं लोक चिडले, १९७७ मध्ये सरकार पडलं. पुढं पुरुषाच्या नसबंदीचं नाव कुणी काढेना आणि भार आपल्यावर आला. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत शंभर विवाहितांपैकी सुमारे ३८ जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्यानं करून घेतलेलं शंभरात एकीकडंही नाही.

२०१४ मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात एका दिवसात ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. डझनाहून जास्त जणी दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

म्हणून घाई नको. ऑपरेशन कायमचं असतं. नळ्या पुन्हा जुळतीलच असं नाही. तांबी दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. पुरुषाची नसबंदी आपल्यापेक्षा सोपी, पोट उघडावं लागत नाही. नियमानं नवऱ्याची सही लागत नाही, आपलीच लागते. तेव्हा आधी सगळं विचारू, मग सही करू.