रेखागणित आणि आपले जयपूर

गणपतीची आरास करताना एक वाद दरवर्षी ठरलेला. एक जण म्हणतो, दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. दुसरा म्हणतो, मग त्यात मजा ती काय? वाद समतोलाचा आहे. नोकरीच्या निमित्ताने येऊन आपण ज्या शहरात स्थायिक झालो, त्या शहराने याचे उत्तर पावणेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे.

बिंदू, रेषा, आकार, प्रमाण ही चित्रकलेची मुळाक्षरे. आम्हा डिप्लोमावाल्यांना तीच ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअरच्या साथीने भेटली. जयपुरात त्यांचा एका महाराष्ट्रीय घराण्याशी संबंध येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सवाई जयसिंहांचे पंडित जगन्नाथ सम्राट यांचे घराणे मूळ महाराष्ट्रातले, वेदविद्येचे. राजाच्या इच्छेवरून ते अरबी आणि फारसी शिकले आणि नासिरुद्दीन तुसीच्या अरबी प्रतीवरून युक्लिडचा ग्रंथ त्यांनी संस्कृतात आणला. त्याचे नाव ‘रेखागणित’. अध्याय १५, आरंभ बिंदू-रेषेच्या व्याख्यांनी. १९०१-०२ साली तो मुंबईत छापला गेला. ग्रीकांची विद्या अरबीतून संस्कृतात आणणारा माणूस वेदपाठी घरातला होता, याचे मला फार कौतुक वाटते.

नगराच्या आखणीचे श्रेय मात्र विद्याधर भट्टाचार्य या बंगाली गृहस्थांना दिले जाते. ते आपल्याकडे ओढण्याचे कारण नाही.

१८ नोव्हेंबर १७२७ रोजी नगराचा पाया घातला गेला. सूरजपोल ते चांदपोल हा मुख्य रस्ता ओळंब्यासारखा सरळ. पण तो नेमका पूर्व-पश्चिम नाही, सुमारे १५ अंश कललेला आहे. याची धार्मिक कारणेही सांगतात. मला पटते ते साधे कारण: रस्ता जमिनीच्या उंचवट्यावरून गेला आहे, म्हणजे पाणी दोन्ही अंगांना उतरते. रेल्वेची लाईन टाकताना आम्हीही आधी पाण्याची वाट पाहतो, मग दिशा. या रस्त्याची रुंदी सुमारे १११ फूट, त्याखालचा रस्ता त्याच्या निम्मा, गल्ली त्याच्याही निम्मी. प्रमाणबद्धता म्हणजे काय, ते पुस्तकाविना समजते.

कल्पना नऊ चौकड्यांची होती. पण वायव्येला नाहरगडचा डोंगर आडवा आला. तिथली चौकडी सोडावी लागली आणि आग्नेयेकडे एक वाढवण्यात आली. नकाशावर पाहाल तर दोन बाजू सारख्या नाहीत, तरी नगर कुठे कलल्यासारखे वाटत नाही. डोंगर फोडण्याचा हट्ट धरला असता तर काय झाले असते, याचा विचार आमच्या खात्यातल्या मंडळींनी जरूर करावा!

पुढे १७९९ मध्ये लालचंद उस्तादांनी हवामहल बांधला. एकच झरोका पुन्हा पुन्हा, म्हणतात ९५३ खिडक्या, आणि तरीही कंटाळा येत नाही, कारण वर जाताना आकार निमुळता होतो. प्रसिद्ध गुलाबी रंग १८७६ मधला, प्रिन्स ऑफ वेल्सच्या स्वागताचा.

जुन्या शहराला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सगळी शोभा दुकानांच्या सारख्या उंचीच्या ओळीत आणि पुढच्या वरांड्यात आहे. तिथे कोणी वाटेल तशी पाटी ठोकतो, कोणी वरांडा मालाने भरतो, तारांची जाळी लोंबतात. एका पाटीने काय बिघडते, असे प्रत्येकाला वाटते. पण सरळ रेषा एका ठिकाणी तुटली तरी डोळा तिथेच अडखळतो. आपणही तिथे गिऱ्हाईक म्हणून जातोच.

राजापार्कातून बडी चौपड काही लांब नाही. एखाद्या रविवारी दुकाने उघडण्याआधी मुलांना घेऊन जावे आणि चौपडीच्या कडेला उभे राहून चांदपोलच्या दिशेने पाहावे. उन्हाळ्यात आठच्या आत पोहोचणे बरे.