दूरचा जुगार आणि नेमलेला माणूस : लास वेगास व मुंबई

समजा जयपूरच्या मानसरोवर भागात राहणाऱ्या एका मालकाचा पैसा मुंबईतल्या जुगाराच्या धंद्यात गुंतला आहे. अंतर सुमारे हजार किलोमीटर. रोज किती रक्कम जमली, हे त्याला स्वतः मोजता येत नाही. कापडाचे दुकान असते, तर त्याने मुनीम नेमला असता आणि अफरातफर झाल्यास न्यायालयात गेला असता. पण धंदाच बेकायदा असल्यामुळे तक्रार कुठेच करता येत नाही. मग त्याने भरवसा कोणावर ठेवावा?

संघटित गुन्हेगारीच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. या पाठात त्याची दोन उत्तरे पाहू.

1. शिकागोचे उत्तर : धाक

नेवाडा राज्यात जुगार 1931पासून कायदेशीर होता, पण कॅसिनो चालवायला परवाना लागे. शिकागोच्या टोळीप्रमुखांना तो मिळणे शक्य नव्हते. म्हणून कागदावर मालक एक आणि खरा हक्क दुसऱ्याचा, अशी रचना उभी राहिली. स्टारडस्ट कॅसिनो 1974पासून ॲलन ग्लिक यांच्या कंपनीच्या नावावर होता. खरेदीसाठी कर्ज मिळाले ते टीमस्टर्स या वाहतूक कामगार संघटनेच्या निवृत्तिवेतन निधीतून. मोजणीच्या खोलीत जमलेल्या रोकडीचा काही भाग हिशेबात नोंदण्याआधीच बाजूला काढून टोळ्यांकडे पोचवला जाई.

ही रोकड वाटेत कोणी खाऊ नये, यासाठी तिथे माणूस हवा होता. आधी पाठवलेला मार्शल कैफानो फारच नजरेत आला. 1960मध्ये नेवाडाने कॅसिनोत प्रवेशबंदी असलेल्यांची यादी काढली, तिच्यात त्याचे नाव होते. 1971मध्ये त्याच्या जागी अँथनी स्पिलोत्रो गेला. जुगाराचे गणित जाणणारा फ्रँक रोझेनथाल कॅसिनोच्या आत होता आणि दरारा बसवणारा स्पिलोत्रो बाहेर. हिशेब एकाकडे आणि धाक दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्पिलोत्रोची निवड ज्या गुणासाठी झाली, तोच पुढे दोष ठरला. ज्याला सगळे घाबरतात, त्याच्यावर दुरून लगाम ठेवणार कोण? शिकागो अडीच हजार किलोमीटरवर होते. स्पिलोत्रोने स्वतःची घरफोड्यांची टोळी उभी केली. 1979मध्ये त्याचेही नाव त्याच यादीत आले. गुपचूप चालवायच्या धंद्याचा राखणदार वर्तमानपत्रांत झळकू लागला. जानेवारी 1986मध्ये रोकड पळवल्याच्या खटल्यात शिकागोचे म्होरके जोसेफ आयुपा आणि जॅकी सेरोन दोषी ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये स्पिलोत्रो आणि त्याचा भाऊ मायकेल यांचे मृतदेह इंडियानातील मक्याच्या शेतात पुरलेले सापडले. ज्यांनी नेमले, त्यांच्याच टोळीने त्याला संपवले होते.

2. मुंबईचे उत्तर : आकडा

आता मुंबईच्या मटक्याकडे वळू. त्याचे मूळ कापसाच्या भावात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडणारे व बंद होणारे भाव तारयंत्राने मुंबईला येत आणि त्यांवर लोक पैसे लावत. 1961मध्ये हे भाव येणे थांबले. 1962मध्ये कच्छहून आलेल्या कल्याणजी भगतने वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली. 1964मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्रीने नियमांत बदल करून आपला मटका सुरू केला.

पद्धत साधी होती. तीन पाने काढायची, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा म्हणजे ‘ओपन’. रात्री उशिरा तसाच ‘क्लोज’. दोन्ही मिळून ‘जोडी’. एका आकड्याला साधारण नऊपट पैसे मिळत. आता हिशेब करा : दहाही आकड्यांवर एकेक रुपया लागला, तर दहा रुपये जमतात, नऊ वाटले जातात आणि एक उरतो. त्या उरलेल्यातूनच बुकींचे कमिशन निघे.

या रचनेत दूरच्या गावी मालकाचा दादा बसवण्याची गरज कमी होते. आकडा काढताना साक्षीदार हजर असत आणि निकाल फोनवरून गावोगावी जाई. तोच आकडा सर्वांना कळत असल्यामुळे मधल्या बुकीला तो बदलता येत नसे. पैसे लावणारा त्याच वस्तीतला असल्याने पैसे बुडवणाऱ्या बुकीकडे दुसऱ्या दिवशी कोणी फिरकले नसते. थोडक्यात, राखणदारीचे बरेचसे काम आकड्याची पत आणि बुकीचा स्वार्थ करत होते.

म्हणून हा धंदा निरुपद्रवी होता, असे समजू नका. नऊपटीचा नियम कितीही प्रामाणिकपणे पाळला, तरी दहातला एक रुपया रोज वस्तीबाहेर जाई आणि तो बहुतेक कष्टकऱ्यांच्या मजुरीतला असे. शिवाय सगळी पत एका नावावर उभी होती. आणीबाणीत खत्री 19 महिने तुरुंगात होता. पुढे पोलिसी कारवाई वाढली, तेव्हा अनेक धंदेवाले शहराबाहेर, काही गुजरात आणि राजस्थानात गेले.

भगत घराण्यात धंदा रक्ताच्या नात्याने पुढे गेला. कल्याणजीनंतर मुलगा सुरेश आला. 2008मध्ये अलिबागजवळ त्याच्या गाडीला ट्रकने चिरडले. तो अपघात नसून खून होता, असे विशेष न्यायालयाने 2013मध्ये ठरवले. दोषींमध्ये त्याच्या कुटुंबातीलच माणसे होती.

समारोप

धाक, पत आणि नाते या तिन्ही गोष्टी न्यायालयाच्या जागी उभ्या केल्या गेल्या. पत त्यांतल्या त्यात टिकाऊ ठरली, कारण ती ग्राहकाला रोज तपासता येत होती. धाक आणि नाते तपासण्याची सोय नव्हती. तिथे तंटा झाला, की निकाल खुनानेच लागला. गुन्हेगारी जगाला ‘शिस्त’ असते, असे चित्रपट पाहून वाटते. या दोन इतिहासांवरून दिसते, की ती शिस्त दाद मागायची जागा नसल्याची किंमत होती.

विचार करा

1. स्पिलोत्रो आणि रोझेनथाल यांची कामे एकाच माणसाकडे दिली असती, तर मालकांचा धोका वाढला असता की कमी झाला असता?
2. आजच्या मोबाइलवरील सट्ट्यात निकालाची पत कोण राखतो, आणि पैसे बुडाल्यास दाद कुठे मागता येते?