परक्या पाण्यात रुजलेला मासा

काश्मीरच्या लिद्दर नदीत आज खेळणारा तपकिरी ट्राउट तेथील मूळचा नव्हे. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांनी भेट म्हणून पाठविलेली त्याची अंडी १८९९ साली विलायतेहून निघाली, ती वाटेतच नासली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली दुसरी खेप मात्र तगली. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालविणारे फ्रँक मिचेल यांनी ती पिल्ले जोपासली. पुढे महाराजा प्रतापसिंहांच्या राज्यात हारवान येथे पैदास केंद्र उभे राहिले.

या माशास थंड, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. उन्हाळ्यात बर्फ वितळून नद्या फुगतात. भाद्रपद-आश्विनात त्या ओसरून नितळ होतात. कृत्रिम माशी पाण्यावर अलगद टाकणाऱ्या गळकऱ्यांस हाच काळ प्रिय. पुढे थंडी वाढली की मादी खडीत अंडी घालते. म्हणून त्या दिवसांत गळ बंद ठेवतात.

परमुलखात पिढ्या काढलेल्या आम्हांस या कथेत आपलेच काही दिसते. पण तिची दुसरी बाजूही आम्ही पाहावी. शायझोथोरॅक्स वर्गातील तेथले मूळचे मासे मागे हटले, आणि त्यास या पाहुण्याची स्पर्धाही एक कारण मानली जाते. रुजणे हे यश खरेच. यजमानाची जागा राखून रुजणे अधिक अवघड. नदीत नवे बीज सोडण्यापूर्वी एवढा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.