लसिकाग्रंथींचें दर्शन

पायाची जखम चिघळली कीं जांघेंत गांठ येते. घरांतलीं वडील माणसें तिला अवधाण म्हणतात. ही गांठ नव्यानें उत्पन्न झालेली नसते. शरीरांत मूळचीच असलेली लसिकाग्रंथि सुजून हाताला लागूं लागलेली असते. अशा शेंकडों ग्रंथि काखेंत, मानेंत, पोटांत आहेत. आणि कर्करोग आपलें मूळ स्थान सोडून निघाला म्हणजे पुष्कळदां प्रथम त्यांच्यांतच मुक्कामास उतरतो. त्या कशा पाहाव्या, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाहीं.

त्याचा इतिहास एका योगायोगापासून सुरू होतो. २३ जुलै १६२२ रोजीं गास्पारो असेल्ली हा इटालियन वैद्य मित्रांच्या आग्रहावरून एका जिवंत कुत्र्याच्या कंठाकडील मज्जातंतु दाखवीत होता. तें झाल्यावर श्वासपटलाची हालचाल पाहावी म्हणून त्यानें पोट उघडलें, तों आंतड्यांभोंवतीं पांढऱ्या दोऱ्यांचें जाळें पसरलेलें! प्रथम तेहि त्याला मज्जातंतुच वाटले. पण एकास शस्त्र लावतांच दुधासारखा द्रव बाहेर आला, आणि आर्किमिडीजप्रमाणें तोहि ‘सांपडलें’ म्हणून ओरडला. दुसऱ्या कुत्र्यांत मात्र कांहींच दिसेना. तेव्हां त्याच्या ध्यानांत आलें कीं, पहिला कुत्रा नुकताच जेवलेला होता. अन्नांतील स्निग्धांशानेंच त्या अदृश्य वाहिन्या रंगविल्या होत्या. त्या मुक्या जनावरांची कींव येते खरी; तथापि पुढील चार शतकांचें सूत्र या प्रसंगांत आहे: जें दिसत नाहीं त्यांत कांहीं तरी घालावें, म्हणजे तें दिसतें.

मास्कान्यीनें प्रेतांच्या वाहिन्यांत पारा भरून १७८७ मध्यें त्यांचा भव्य चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. जिवंत माणसाला पारा कोण देणार? १९३० च्या सुमारास थोरोट्रास्ट नांवाचा, थोरियमच्या सूक्ष्म कणांचा द्रव आला. क्ष-किरणांत त्यानें चित्रें सुरेख उमटत. परंतु शरीरांतील भक्षक पेशींनीं ते कण गिळून यकृतांत, प्लीहेंत व ग्रंथींत सांठविले. थोरियमचें निम्में तेज ओसरण्यास सुमारें १,४०० कोटी वर्षें लागतात! वीस-तीस वर्षांनीं त्याच रोग्यांना यकृताचा कर्करोग होऊं लागला. रोग पाहण्यासाठीं दिलेलें द्रव्यच रोग झालें. १९५२ मध्यें लंडनच्या किनमंथनें पायाच्या बोटांमध्यें निळा रंग टोंचून लसिकावाहिनी हुडकण्याची व तींत क्ष-किरणांना दिसणारें द्रव्य सोडण्याची रीत काढली. ती निर्धोक, पण फार कष्टाची.

मौज अशी कीं, थोरोट्रास्ट ज्या पेशींमुळें घातक ठरलें, त्यांचाच उपयोग पुढें करून घेण्यांत आला. बोस्टनच्या वाइसलेडर यांनीं १९९० मध्यें लोहभस्माचे अतिसूक्ष्म कण पुढें आणिले. एका मिलिमीटरचे ३३ हजार भाग करावे, त्यांतल्या एकाएवढा हा कण. वर डेक्स्ट्रानचें वेष्टन. शिरेंतून दिल्यावर एका दिवसांत ते ग्रंथींत पोंचतात. निरोगी ग्रंथींतील भक्षक पेशी त्यांना गिळतात, आणि लोहामुळें चुंबकीय चित्रांत ती ग्रंथि काळी पडते. कर्करोगानें व्यापलेल्या भागांत त्या पेशी उरलेल्या नसतात. तो पांढराच राहतो. पुढें शरीर तें लोह पचवून रक्तासाठीं वापरतें. थोरियम तसेंच पडून राही.

२००३ मध्यें बोस्टन व निजमेगेन येथील वैद्यांनीं पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगाच्या ८० रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला. ३३ जणांच्या लसिकाग्रंथींत रोग शिरला होता. ते सर्व या चित्रांनीं ओळखले. रोगग्रस्त ग्रंथि ६३ होत्या, आणि त्यांपैकीं ४५ आकारानें इतक्या साधारण होत्या कीं जुन्या कसोटीनें त्या निर्दोष ठरल्या असत्या.

इतकें असूनहि हें औषध बाजारांत टिकलें नाहीं. सर्व प्रकारच्या कर्करोगांना सरसकट परवानगी मागण्यांत आली, व तेवढा पुरावा नाहीं असें अमेरिकेंतील सल्लागार मंडळानें २००५ मध्यें ठरविलें; २००७ मध्यें युरोपांतील अर्जहि परत घेण्यांत आला. माझ्या मतें मंडळाची सावधगिरी गैर नव्हती. मागणीच अवास्तव होती. निजमेगेनच्या बारेंट्झ यांनीं मात्र हेका सोडला नाहीं. कांहीं वर्षांनीं त्यांनीं तो द्रव पुन्हां तयार करवून घेतला, आणि त्या चित्रांसाठीं परदेशचे रोगीहि त्या गांवीं जाऊं लागले.