तपासणी झाली, पुढे काय?

बग सापडला, रिपोर्टही लिहिला, पण तो कोणाच्याच नावावर टाकला नाही तर काय होणार? न्यूयॉर्कच्या शाळांत नेमकं हेच चाललं होतं. १८९७ पासून डॉक्टर शाळेत येऊन मुलं तपासायचे. खुपरी, खरूज, उवा... काही सापडलं की मुलाची रवानगी घरी. संपलं! उपचार झाले की नाही, हे कोणी बघायचंच नाही. पोरगं संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळायचं.

ऑक्टोबर १९०२ मध्ये लिलियन वॉल्ड यांनी आपल्या संस्थेतली एक नर्स, लीना रॉजर्स, महिनाभरासाठी चार शाळांना दिली. बाई किरकोळ दुखण्यांवर शाळेतच मलमपट्टी करायच्या आणि नंतर घरी जाऊन आईला उपचार समजावून सांगायच्या. प्रयोग जमला, शहराने आणखी नर्सेस नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ वेळा मुलांना घरी पाठवावं लागलं होतं. सप्टेंबर १९०३ मध्ये फक्त १,१०१ वेळा!

रोग तेच होते. बदल एवढाच, की चिठ्ठीच्या मागोमाग एक माणूस घरापर्यंत जाऊ लागला.

तेव्हा मंडळी, शाळेतून 'डोळे तपासून घ्या' असा कागद आला, तर तो दप्तरातच राहू देऊ नका. आणि शाळेला 'किती मुलं तपासली?' याऐवजी 'किती बरी झाली?' हे जरूर विचारा.